फायबरच्या बोटीला भोक पडलं तर नेमकं काय करायचं?

तुमच्या फोनच्या आत जो हिरवा किंवा काळा सर्किट बोर्ड असतो, तो कशाचा असतो माहितीये? काचेचा. काचेच्या बारीक धाग्यांचं विणलेलं कापड इपॉक्सी नावाच्या रेझिनमध्ये भिजवायचं, दाबायचं, तापवून कडक करायचं, की झाला बोर्ड. इलेक्ट्रॉनिक्सवाले त्याला 'एफआर-४' म्हणतात. आता डिंभे धरणात मासेमारीला जाणारी फायबरची होडी बघा. तीही काचेच्या धाग्यांचीच, फक्त रेझिन बहुतेक वेळा स्वस्तातलं पॉलिएस्टर. आपण सरसकट 'फायबर' म्हणतो ते हेच: फायबरग्लास. बसचं पुढचं तोंड, गणपती मंडळाची कायमची मूर्ती, पवनचक्कीचं पातं, सगळीकडे हाच मसाला.

मी सॉफ्टवेअरवाला. पण गाव आंबेगाव तालुक्यात, आणि नात्यातले एक मामा धरणात जाळी टाकतात. या मे महिन्यात त्यांची जुनी होडी दुरुस्त करताना मी सोबत होतो, आणि त्यासाठी जे काही वाचलं, विचारलं, करून पाहिलं ते इथे मांडतोय. यूट्यूबवर 'पाच मिनिटांत बोट रिपेअर' छाप व्हिडिओ भरपूर आहेत. त्यातले बरेचसे बघून काम केलं तर बोट दिसेल छान, पण तिच्यात बसायला मी तयार नाही.

आधी जागेबद्दल थोडं. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आमच्या भागात आहेत. जुन्नर तालुक्यात येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे, आणि आंबेगाव तालुक्यात घोड नदीवरचं डिंभे. मूळ आंबेगाव गाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याला नाव त्याचं राहिलं, कचेऱ्या घोडेगावात आहेत. पावसाळ्यात हे जलाशय भरतात, आणि उन्हाळ्यात पाणी उतरतं तशी तळातली जमीन वर येते: खडक, जुने बांध, झाडांची खोडं. होडीचं नुकसान होतं ते बहुतेक याच दिवसांत. काठ रोज सरकत असतो, त्यामुळे होडी रोज नव्या दगडांवरून ओढत न्यावी लागते.

भोक किती मोठं 'मोठं' असतं?

इथे जरा गणित करू, कारण ते एकदा डोक्यात बसलं की पुढची सगळी मेहनत कशासाठी हे आपोआप कळतं.

समजा बोटीच्या तळाला, पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर ८ सेंटिमीटर व्यासाचं भोक आहे. म्हणजे साधारण टेनिस बॉलपेक्षा थोडं मोठं. त्यातून पाणी सेकंदाला सुमारे ७ लिटर आत येतं. दर दोन सेकंदांना आंघोळीची एक बादली. होडीत आणखी ३०० किलो वजन पेलण्याची जागा शिल्लक असेल तर ती पाऊण मिनिटात संपली. आणि फायबरग्लास पाण्यापेक्षा जड असतं. लाकडी होडी भरली तरी तरंगत राहते. फायबरची होडी, आत हवाबंद कप्पे किंवा फोम नसेल तर, सरळ तळाला जाते. ऑगस्टमधल्या भरलेल्या धरणात, अंगावर लाइफ जॅकेट नसताना, हा हिशेब कसा वाटतो बघा.

आता गंमत अशी, की तेच भोक नुसत्या पुट्टीने बुजवलं तरी शांत पाण्यात ते टिकतं! तेवढ्या खोलीवर पाण्याचा दाब त्या तुकड्यावर फक्त दीड किलोच्या आसपास असतो. दीड किलो कशानेही थांबेल. म्हणूनच पुट्टी मारलेली होडी काठाजवळ तरंगवली की मालक खूश होतो. खरी परीक्षा होते ती तळ वाकतो तेव्हा. चार माणसं बसली, लाटेवर आपटली, दगडावरून ओढली की तळाचा पत्रा थोडा लवतो. पुट्टीत धागे नसतात, ती लवत नाही. तिच्या कडेने केसासारखी भेग पडते आणि एके दिवशी बूच निघावं तसा अख्खा तुकडा निघतो.

आधी वाजवून बघा

मडकं घेताना आपण बोटाने वाजवतो. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर तडा. फायबरची तपासणीही अशीच होते. एक रुपयाचं नाणं किंवा छोटी हातोडी घ्यायची आणि भोकापासून बाहेरच्या बाजूला बोटबोटभर अंतरावर टकटक करत जायचं. जिथे आवाज बद्द येतो तिथे आतले थर एकमेकांपासून सुटलेत, याला डीलॅमिनेशन म्हणतात. त्या हद्दीला पेन्सिलने रेघ मारायची. मामांच्या होडीचं दिसणारं भोक लिंबाएवढं होतं, पण बद्द आवाजाचा भाग चांगला ताटलीएवढा निघाला.

दुसरी तपासणी तुमच्या खिशातच आहे. आतून रंग नसेल तर पॉलिएस्टर आणि काचेचा थर थोडा प्रकाश सोडतो. संध्याकाळी अंधार पडल्यावर एकाने आतून फोनचा टॉर्च तळाला टेकवायचा आणि दुसऱ्याने बाहेरून बघायचं. चांगला भाग सारखा उजळतो. सुटलेले थर आणि मार बसलेली जागा ढगासारखी वेगळी दिसते. त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे लागतो.

बाहेरच्या चकचकीत थराला जेलकोट म्हणतात. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो आणि त्यात काच नसतेच. त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या तर लगेच घाबरू नका. पण नाणं वाजवल्याशिवाय सोडूही नका. जेलकोट म्हणजे ॲपचा इंटरफेस समजा. तो छान दिसतोय म्हणून मागचा कोड बरा आहे असं होत नाही.

गोडं पाणी जास्त त्रास देतं

मला हे वाचून आश्चर्य वाटलं होतं. आपला समज असा, की समुद्राचं खारं पाणी बोटी खातं आणि धरणाचं पाणी बिचारं निरुपद्रवी. लोखंडाबाबत हे खरं. फायबरबाबत उलटं.

मनुके पाण्यात टाकले की फुगतात, हा प्रयोग शाळेत केला असेल. आत साखर जास्त, बाहेर कमी, म्हणून पाणी आत ओढलं जातं. पॉलिएस्टर रेझिन पूर्ण जलरोधक नसतं. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं की पाण्याचे रेणू हळूहळू आत झिरपतात, रेझिनमधल्या काही घटकांना विरघळवतात, आणि आत एक आंबट, दाट द्रव तयार होतो. मग तो द्रव आणखी पाणी खेचतो आणि जेलकोटखाली फोड येतो. फोडला तर व्हिनेगरसारखा वास येतो. बाहेरचं पाणी जितकं गोडं तितका आतल्या-बाहेरच्या द्रवातला फरक मोठा, आणि तितकी ओढ जास्त. म्हणून कायम गोड्या पाण्यात बांधून ठेवलेल्या बोटींना फोड लवकर येतात. आमच्या धरणांवरच्या होड्या वर्षातून काही आठवडे पाण्याबाहेर उलट्या पडून राहतात, ते त्यांच्या पथ्यावरच पडतं.

यातून दुरुस्तीसाठी एक गोष्ट निघते: ओल्या फायबरवर नवं रेझिन धरत नाही. भोक पडून महिनाभर पाण्यात राहिलेली होडी वरून तासाभरात कोरडी दिसते, पण तुटलेल्या कडांमधले धागे वातीसारखे पाणी शोषून बसलेले असतात. तपासायला एक सोपी युक्ती आहे. जेवणाच्या डब्यावर लावतो तसली पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म त्या भागावर पसरवायची, चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि दिवसभर उन्हात ठेवायचं. आतून दव दिसलं तर अजून थांबायचं. मे महिन्यातलं जुन्नर-आंबेगावचं कोरडं ऊन हे काम फुकटात करून देतं. जूनचे ढग आले की विसरा.

घासणं हेच काम

"एवढुशा भोकाला एवढं मोठं खरवडतो का रे कोणी?" मामांचा हा प्रश्न अगदी रास्त होता. ग्राइंडर लावून आम्ही भोक चांगलंच मोठं करत होतो.

आधी सगळं सुटलेलं, फाटलेलं कापून टाकायचं, आवाज खणखणीत येईपर्यंत. मग घासण्याआधी ॲसिटोनने पुसायचं. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पृष्ठभागावर मेण, तेल, ग्रीस असतं आणि आधी घासलं तर ते काचेच्या धाग्यांत खोल चोळलं जातं. आणि मग ४० नंबरच्या खरखरीत कागदाने कडेला उतार द्यायचा, बशीसारखा.

उतार किती? बोटीच्या कामात रूढ प्रमाण १२ ला १ आहे. तळ ५ मिलिमीटर जाड असेल तर प्रत्येक बाजूला ६० मिलिमीटर उतार. म्हणजे ८ सेंटिमीटरच्या भोकाभोवती २० सेंटिमीटरचं वर्तुळ खरवडायचं.

नुसतं बूच बसवलं तर नव्या आणि जुन्या फायबरची गाठ पडते ती फक्त भोकाच्या कडेवर, सुमारे १२.५ चौरस सेंटिमीटर. उतार दिला तर तीच गाठ २६० चौरस सेंटिमीटरच्या वर जाते. एकवीस पट! बोटीचा मूळ थर कारखान्यात घडताना रेझिन रासायनिकरीत्या एकजीव झालेलं असतं. जुनं रेझिन पूर्ण कडक झाल्यावर त्यावर घातलेलं नवं रेझिन तसं एकजीव होत नाही, ते गोंदासारखं खरखरीत पृष्ठभागाला धरून राहतं. त्यामुळे ताकद हवी असेल तर धरायला जागा जास्त द्यावी लागते. दुसरा मार्ग नाही.

काचेची धूळ अंगाला भयंकर खाजते आणि फुप्फुसात जाणं वाईट. पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा, एन-९५ मास्क. संध्याकाळी गार पाण्याने आंघोळ. गरम पाण्याने आणखी खाजतं असं जुने फायबर कारागीर सांगतात, आणि मी वाद घातला नाही.

तीन बाटल्या, आणि एक गंभीर इशारा

चाकण-भोसरी पट्ट्यात फायबरची कामं करणारे बरेच आहेत, त्यामुळे सामान मिळवायला फार फिरावं लागत नाही. दुकानदार साधारण तीन गोष्टी देतो: डब्यात पॉलिएस्टर रेझिन, एका बाटलीत जांभळट कोबाल्ट, एका बाटलीत पाण्यासारखा पारदर्शक हार्डनर. हार्डनरचं नाव एमईकेपी, हे एक सेंद्रिय पेरॉक्साइड आहे. काही रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेला असतो, तेव्हा दोनच वस्तू मिळतात, विचारून घ्या.

कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. पेट घेतो, स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचा, मग वेगळ्या भांड्यात काढलेल्या तेवढ्याच रेझिनमध्ये हार्डनर. दोन्हींसाठी एकच चमचा, एकच झाकण, एकच सिरिंज वापरायची नाही. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर कायमचं अंधत्व येऊ शकतं. चष्मा घातल्याशिवाय ती बाटली उघडूच नका. आणि उडालंच तर त्या क्षणी, डॉक्टरकडे पळण्याआधी, किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवायचा, मग दवाखाना. म्हणून काम सुरू करतानाच पाण्याची भरलेली कळशी शेजारी ठेवा.

हार्डनरचं प्रमाण वजनाच्या १ ते २ टक्के. २०० ग्रॅम रेझिनला २ ते ४ ग्रॅम. 'अंदाजपंचे' इथे चालत नाही. कमी पडला तर रेझिन कधीच पूर्ण कडक होत नाही. जास्त झाला तर इतकं तापतं की भांडं वितळतं आणि थर ठिसूळ होतो. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा ऑनलाइन मिळतो, तो घ्या. दुपारी चाळिशीतल्या उन्हात रेझिन काही मिनिटांत दह्यासारखं होतं, त्यामुळे काम सकाळी लवकर, सावलीत. थोडं रेझिन कालवा, ब्रश बुडवायच्या आधी फोनवर टायमर लावा आणि ते किती वेळात घट्ट होतं ते बघा. मग मुख्य कामाला हात घाला. स्टायरीनचा उग्र वास येतो. एन-९५ मास्क धूळ थांबवतो, वाफ नाही. उघड्यावर काम करा.

इपॉक्सी वापरावं का? ते जास्त घट्ट धरतं, पाणी कमी शोषतं, आणि जुन्या पॉलिएस्टरवर छान बसतं. महाग पडतं. पण त्यात हार्डनरचं प्रमाण ठरलेलं असतं, लवकर वाळावं म्हणून वाढवता येत नाही. शिवाय मॅट म्हणून मिळणाऱ्या तुकडे-धाग्यांच्या कापडातला गोंद स्टायरीनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, म्हणून तिथे विणलेलं कापड घ्यावं लागतं. आणि एकदा इपॉक्सी लावलं की त्यावर पुन्हा पॉलिएस्टर नीट धरत नाही. माझं मत विचाराल तर पाण्याखालच्या दुरुस्तीला इपॉक्सी. मामांनी पॉलिएस्टर घेतलं, कारण पुढच्या वर्षी पुन्हा काही झालं तर तेच सामान त्यांना स्वतःला वापरता येतं. हेही कारण खोटं नाही.

थर

मागून आधार म्हणून मेणकापड लावलेला पुठ्ठा टेकवायचा. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण १ मिलिमीटर होतो, म्हणजे ५ मिलिमीटरला पाच गोल तुकडे: २०, १७, १४, ११ आणि ९ सेंटिमीटर. आधी मोठा की आधी छोटा, यावर जाणकारांत एकमत नाही. आम्ही मोठा आधी घातला, कारण तो उताराच्या पूर्ण पृष्ठभागाला एकसंध चिकटतो.

आधी उतारावर रेझिनचा हात, मग तुकडा, मग ब्रशने टोचत टोचत भिजवायचं. पांढरी मॅट काचेसारखी पारदर्शक झाली की भिजली. पांढरे ठिपके म्हणजे हवा, ती रोलरने बाहेर काढायची. जास्त रेझिन ओतलं की जास्त ताकद, हा गैरसमज आहे. ताकद काचेची, मॅटला वजनाच्या दोन-अडीच पट रेझिन पुरतं. आमच्या अख्ख्या ठिगळाला सुमारे ४० ग्रॅम काच आणि १०० ग्रॅम रेझिन लागलं. दीड दिवस घासलं, पाऊण तासात थर घातले.

साध्या पॉलिएस्टरचा वरचा पृष्ठभाग हवेमुळे चिकटच राहतो. शेवटच्या थरावर मेण मिसळलेलं रेझिन किंवा वरून प्लॅस्टिकची फिल्म ताणून लावायची, म्हणजे तो नीट कडक होतो. त्यानंतर घासून जेलकोट.

दोन हुलांच्या बोटीत काय बदलतं?

हल म्हणजे बोटीचं पाण्यात बसणारं अंग. दोन हल शेजारी जोडलेल्या बोटीला कॅटमरान म्हणतात. शब्द तमिळ 'कट्टुमरम'वरून आला, बांधलेले ओंडके. शिडाची कॅटमरान आपल्याकडे समुद्रावरच्या सेलिंगमध्ये दिसते. जुनी, वापरलेली स्वस्तात मिळते म्हणून घेण्याचा मोह होणाऱ्यांसाठी हे वाचून ठेवा.

पहिलं, हल अरुंद आणि बंद असतात. आत हात जात नाही, मागून पुठ्ठा लावता येत नाही. मग फायबरची एक पातळ चकती आधीच बनवायची, तिला मधोमध तार अडकवायची, वाकवून भोकातून आत सारायची, कडेला रेझिन लावून तारेने बाहेरच्या दिशेने ओढून धरायची. ती वाळली की झाला आधार.

दुसरं, अशा बोटी हलक्या हव्यात म्हणून त्यांच्या भिंती बऱ्याचदा सँडविच असतात: दोन पातळ थर आणि मध्ये फोम किंवा बाल्सा लाकूड. १९७० च्या आसपास कॅलिफोर्नियात आलेली होबी १६ ही जगभर गाजलेली छोटी कॅटमरान अशाच फोमच्या सँडविचची. जुन्या होबीच्या डेकवर अंगठ्याने दाबलं आणि मऊ लागलं, तर वरचा थर फोमपासून सुटलाय. ओला गाभा काढून टाकावाच लागतो. वरून ठिगळ लावून तो आत सडत ठेवण्यात अर्थ नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: दोन हलांना जोडणारे आडवे दांडे जिथे बसतात, तिथली भेग घरी दुरुस्त करायची नाही. लाटेवर दोन्ही हल वेगवेगळे हलतात आणि सगळी पिळवटणारी ताकद तिथे येते. ते काम गोव्यासारख्या ठिकाणच्या बोटी बांधणाऱ्यांचं. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करून आले ती 'म्हादेई' गोव्यातच, रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस यार्डात बांधली होती. एकाच हलाची, लाकडी गाभ्यावर फायबरग्लास आणि इपॉक्सी. म्हणजे हे साहित्य काय झेलू शकतं याचा पुरावा लांब शोधायला नको.

मामांच्या होडीला आठवडाभर वाळू दिलं. मग काठावरच, पाण्यात न घालता, ती आतून पाण्याने भरली आणि बाहेरून कोरड्या कापडाने पुसून तासभर बघत बसलो. थेंब आला नाही. नाण्याचा आवाज खणखणीत. टॉर्चच्या फोटोत आता सारखा उजेड दिसतो, तो फोटो मामांच्या फोनमध्ये ठेवलाय. पावसाळा संपून पाणी उतरायला लागलं की पुन्हा तसाच एक काढायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचे.